दातेखिंडीत घंटा का नाही

घाटवाट चढून दातेखिंडीत आलं, की आधी वारा लागतो आणि मग डोक्यावर ती पाती दिसतात. खिंडीच्या तोंडाशी दोन दगडी खांब आहेत आणि त्यांवर सागाचा आडवा वासा टाकलेला आहे. त्या वाशाला लोखंडी आकड्यांनी लाकूड कापायच्या करवतीची गोल पाती टांगली आहेत. काही परातीएवढी, काही ताटलीएवढी. कुणाचे दात झिजून बोथट झालेले, कुणाचा कडेचा लचका उडालेला. सगळी जुनी, कुणीतरी वापरून टाकलेली. शेजारी शेंदूर लावलेला दगड आहे, ती वाटेची आई. पण तिच्यापुढे घंटा नाही. नवस फेडायला कुणी पितळी घंटा आणली, तर खिंडीवरच्या धनगरवाड्यावरचे लोक हात जोडून ती परत देतात. कुणी दुकानातून कोरं करकरीत पातं आणलं, तर तेही आल्या वाटेने परत जातं.

आलेल्या माणसाला याचं नवल वाटतं. तो विचारतो. मग वाड्यावरचे सगळ्यांत वयस्क सिदूमामा झोरे आधी त्याला दगडावर बसवतात, पाणी देतात आणि सांगायला लागतात.

साहेबाच्या राज्यातली गोष्ट, म्हणे. तेव्हा खिंडीच्या वर धनगरांची मोजकी घरं होती. म्हशी पाळायच्या, दूध-तूप डोक्यावर घेऊन खाली शिरवंडच्या पेठेत घालायचं आणि दिवस मावळायच्या आत वर यायचं, असा सगळ्यांचा क्रम. पेठेत जंगलच्या ठेकेदाराने लाकूड कापायची गिरणी घातली होती. इंजिनावर चालणारी. तिचा आवाज उन्हाळ्यात वाड्यापर्यंत यायचा.

खिंडीच्या माथ्याखाली, वळणावर वाट फुटते. डावीकडची माथ्यावरून वाड्याला जाते. उजवीकडे नुसतं गवत आहे, लुसलुशीत, चालायला सोपं, आणि ते गवत संपतं तिथे कडा आहे. उघडिपीत लहान पोरालाही कळेल. पण आषाढात खिंडीत धुकं बसलं, की आपला हात आपल्याला दिसत नाही. त्यात खिंडीला तिन्ही बाजूंनी कातळ. वरून हाक मारावी, तर ती कातळावर आपटून भलतीकडूनच ऐकू येते. दर पावसाळ्यात एखादं रेडकू जायचं. कधी माणूसही.

झोऱ्यांच्या घरात धाकूबाई थोरली सून. तिचा नवरा बिरू, धाकटा दीर बमू आणि बमूची बायको ठकू. दोघी जावा एकाच चुलीवर राबायच्या. ठकू तोंडाने फटकळ, पण मनाने साधी. धाकूबाईला अक्का म्हणायची.

त्या दिवशी ठकू एकटीच पेठेला गेली होती. दुपार कलली आणि धुकं उतरलं. धाकूबाई काळजीने खिंडीच्या माथ्यावर येऊन उभी राहिली आणि हाका मारायला लागली.

"ठके! ए ठके! इकडं ये गं, इकडं!"

खालून उत्तर आलं. "आले वं अक्का!"

आवाज जरा उजवीकडून आल्यासारखा वाटला. धाकूबाईने आणखी जोर लावून हाक मारली. पुन्हा उत्तर आलं, आणखी उजवीकडून. ती ओरडली, "थांब! हाईस तिथंच थांब!" पण तो ‘थांब’ही कातळाने कुठे नेऊन टाकला, कुणास ठाऊक. त्यानंतर उत्तर आलं नाही.

सकाळी धुकं विरलं तेव्हा गवताच्या टोकाला ठकूची रिकामी चरवी सापडली.

दिवस झाले, पाहुणे गेले, आणि बमू एकदाच काय ते बोलला. "तू हाक मारली नसतीस वैनी, तर ती वाटंवर बसून ऱ्हायली असती. धुकं जाईस्तवर बसली असती." मग त्याने धाकूबाईशी बोलणं टाकलं. जेवायला बसायचा, ताट पुढे सरकवायचा, उठून जायचा. तिने काही विचारलं, तर उत्तर बिरूकडे बघून द्यायचा.

ती त्याला काय म्हणणार? तेच तीही स्वतःला दिवसभर म्हणत होती.

असं सांगतात, की धाकूबाई वाटेच्या आईपुढे गेली आणि तिने शपथ घेतली. या खिंडीत माझ्या तोंडातून पुन्हा हाक निघणार नाही. माणसाला फसवणार नाही असा आवाज मला दे. तिने दगडाला ओल्या फुलांचा कौल लावला. होकाराचं उजवं फूल पडेना, नकाराचं डावंही पडेना. ती दिवसभर बसून राहिली. फुलं दगडाला चिकटूनच सुकली. धाकूबाई उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "बरं. तुला न्हाई जमत, तर मी बघते."

तिथून तिचा खटाटोप सुरू झाला, आणि त्यात यश असं काही नव्हतंच. आधी तिने घरातला ढोल खिंडीत नेला. पावसाळी हवेने त्याचं कातडं ओलं झालं आणि तो भिजल्या घोंगडीवर थाप मारावी तसा वाजायला लागला. म्हशीच्या गळ्यातल्या घंटा एकत्र बांधल्या. त्यांचा आवाज पहिल्या वळणाच्याही पुढे गेला नाही. मग वाड्याने तूप घालून, पेठेतल्या कासाराकडून एक चांगली जड पितळी घंटा ओतवून आणली. वाजवली, तेव्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला, इतका गोड तिचा नाद.

बिरू म्हणाला, "झालं तुझं काम."

"बघू या," धाकूबाई म्हणाली.

तिने बिरूच्या कमरेला दोर बांधला, दोराचं टोक दोघा गड्यांच्या हातात दिलं, बिरूचे डोळे फडक्याने बांधले आणि त्याला खालच्या वळणावर उभं केलं. घंटेच्या आवाजावर चालत यायचं. तिने घंटा वाजवली. घंटेचा नाद लांबत गेला, कातळावरून फिरून आला, पहिला विरायच्या आत दुसरा त्यात मिसळला आणि सगळी खिंडच घंटा झाल्यासारखी घुमायला लागली. बिरू थांबला, मान वळवली, आणि ठामपणे पावलं टाकत उजवीकडच्या गवताकडे निघाला. गड्यांनी दोर खेचला तेव्हा कडा फार लांब नव्हता.

धाकूबाई रडली नाही. तिला घंटेचा राग आला, इतका, की तिने ती त्याच दिवशी उतरवून पेठेतल्या देवळाला देऊन टाकायला लावली. "गोड हाय," ती म्हणाली, "पण खोटी हाय." खिंडीत घंटा नको, ती तेव्हापासून, असं म्हणतात.

पुढे एका सकाळी ती दुधाची चरवी घेऊन उतरली, तर धुकं पेठेपर्यंत उतरलेलं. ओळखीची घरं दिसेनात. ती वाटेत थांबली. तेवढ्यात कुठून तरी टण्ण असा आवाज आला. कोरडा, टोकदार, जिथून आला तिथेच राहणारा. पुन्हा टण्ण. धाकूबाईचे पाय आपोआप तिकडे वळले आणि ती थेट गिरणीच्या मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तिथे गिरणीचा मिस्त्री करवतीचं एक झिजलेलं पातं एका दाताला बोट लावून लोंबतं धरून दुसऱ्या हाताने त्यावर लोखंड आपटत होता. पात्याला चीर गेली आहे का, ते असं वाजवून कळतं. चिरलेलं तो एका ढिगाकडे टाकायचा, नुसतं झिजलेलं दुसरीकडे.

"ही जुनी काय करता?" तिने विचारलं.

"तातू लोहार नेतो. त्याचे विळे, कोयते करतो. तुझ्या घरचा विळाबी यातलाच असंल."

धाकूबाईने चरवी तिथेच ठेवली आणि तशीच तातू लोहाराच्या भट्टीवर गेली. उशीर झाला होता. तातूने आदल्या खेपेची सगळी पाती कापून त्यांच्या पट्ट्या पाडल्या होत्या. तिच्या नशिबी एक अर्धं पातं आलं. तिने ते वर नेलं, टांगलं, वाजवलं. फुटक्या मडक्यासारखं वाजलं.

"अर्धं कसं वाजंल?" तातू म्हणाला. "सबंध पायजे."

"मग सबंध ठेव."

"सबंध ठेवलं, तर मी खाऊ काय, बाय? लोकांचे इळे खोळंबलेत."

ती तुपाची लोटी त्याच्यापुढे ठेवून बसली. उठेनाच. तातूने कपाळावर हात मारून घेतला आणि पुढच्या खेपेचं एक सबंध पातं बाजूला काढून ठेवलं. टांगायचं म्हणून त्याने ते कडेला लाल करून भोक पाडून दिलं. धाकूबाईने डोक्यावर चुंबळ ठेवून ते घाट चढवून नेलं. वर जाऊन वाजवलं, तर ठब्ब. विस्तवाने लोखंडाचा कडकपणाच गेला होता. तिने ते परत खाली आणलं. तातू म्हणाला, त्याला काय ठाऊक, वाजवायला कुणी करवत नेतं का? दुसऱ्याला त्याने विस्तव न दाखवता भोक पाडायचा प्रयत्न केला. हातोडा बसला आणि भोकापासून कडेपर्यंत तड गेली. धाकूबाईने त्या तडीवरून बोट फिरवलं. म्हणाली, "दादा, तिसरं दे. भोक पाडू नगंस."

पात्याला मधोमध दांड्याचं भोक असतंच, तसं तिसऱ्यालाही होतं. त्यातून दोर ओवून तिने ते टांगलं. वाजलं, पण गळा दाबल्यासारखं. तिने ते खाली घेतलं आणि पोटाला धरून वाजवलं. मुकं. मग मिस्त्रीने धरलं होतं तसं दाताला बोट लावून धरलं आणि वाजवलं. टण्ण. म्हणजे दातालाच टांगायचं. तिने दोर दोन दातांत अडकवला. आवाज आला! पण रात्रभर वारा सुटला, पातं झुलत राहिलं आणि त्याच्याच दातांनी दोर कापला. सकाळी ती गेली, तर पातं दगडावर पडून त्याचे दोन तुकडे झाले होते.

म्हणे, त्या दिवशी ती खिंडीत उभी राहून देवीला बोलली ते बोलू नये असं होतं. वाड्यावरच्या बायका तिला करवतीण म्हणायला लागल्या होत्या. बिरूही एकदा म्हणाला, "पुरे की आता. गेलेली मागारी येनार हाय का?" बमू फक्त तुकड्यांना पायाने वाटेच्या बाजूला सारून म्हशींमागे निघून गेला. त्या सारण्याचंच धाकूबाईला सगळ्यांत लागलं.

तरी ती पुन्हा उतरली. या वेळी तातूने तिला पाहिल्यावर भट्टी सोडून हात जोडले. मग स्वतःच विचार करून त्याने बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून एक आकडा वळवून दिला, दाताच्या खाचेत नीट बसेल असा. "हे घे आनि परत येऊ नगंस," तो म्हणाला. आषाढ तोंडावर आला होता. बिरूच्या कमरेला पुन्हा दोर बांधला, पुन्हा डोळे बांधले. धाकूबाईने खैराच्या दांडक्याने पात्यावर ठोका दिला. बिरू वळणावरून निघाला, एकदा अडखळला, आणि सरळ येऊन तिच्या खांद्यावर आपटला.

"आलो का?" त्याने फडक्याआडून विचारलं.

"आलास," ती म्हणाली. पण तिला बरं वाटलं नाही. वळणाच्या खाली आवाज कितीसा पोचत असेल, याचीच तिला धास्ती होती.

त्या आषाढात एका संध्याकाळी धुकं असं बसलं, की चुलीचा धूरही घराबाहेर जाईना. बमू आणि वाड्यावरचे दोघे गडी पेठेतून यायचे होते. धाकूबाई खिंडीत गेली आणि ठोके द्यायला लागली. खालून बमूचा खाकरा ऐकू आला, मग काठीचा आवाज. तो वळणावर पोचला होता.

आणि तिथे काठी थांबली.

पुढचं बमूनेच नंतर सांगितलं, असं म्हणतात. त्याला उजवीकडून, गवताच्या बाजूने, बायकोचा आवाज आला. आले वं, अशी साद. जशी ती पूर्वी घालायची तशी. त्याला ठाऊक होतं, की ती नाही. तरी त्याचे पाय तिकडे वळले. एक पाऊल गवतावर पडलंही. गवत मऊ होतं.

धाकूबाईला यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळलं, की काठी वाजली ती उजवीकडे. जिथून ठकूचं दुसरं उत्तर आलं होतं, तिथून. तिचं तोंड उघडलं. हाक घशापर्यंत आली. तिने ओठ दातांखाली दाबले आणि जोराने ठोका दिला. त्या जोराने आकडा खाचेतून निसटला आणि पातं खाली घसरलं. तिने ते दोन्ही हातांनी झेललं. दात तळव्यात घुसले. हात सोडला तर पातं फुटणार, आणि धरून ठेवलं तर मुकं राहणार. मग तिने एकाच दातावर बोट ठेवून, सगळा भार त्या बोटावर घेऊन पातं लोंबतं धरलं आणि दुसऱ्या हाताने दांडका मारला. टण्ण. पुन्हा. बोटावरून रक्त मनगटापर्यंत आलं, दांडक्याची मूठ निसरडी झाली. ती मारत राहिली. मनात ती बमूलाही शिव्या देत होती, देवीलाही, तातूलाही, आणि ज्या आकड्याने दगा दिला त्यालाही.

काठी वाजली. जरा डावीकडे. मग आणखी डावीकडे. धुक्यातून आधी बमूची घोंगडी दिसली, मग तो. त्याने तिच्या हाताकडे बघितलं. वर्षभरात तो तिच्याशी बोलला नव्हता. आता बोलला, ते एवढंच.

"मागं दोघं हाईत. थांबू नगंस, वैनी."

आणि त्याने पातं स्वतःच्या हातात घेतलं, तसंच दाताला धरून. ते दोघे खिंडीत उभे राहिले, तो पातं धरून आणि ती ठोके देत, मागचे दोघे गडी वर येईपर्यंत. गडी आले, त्यांना वाटेत कुणाची साद ऐकू आली नव्हती. ते नेहमीसारखे घामेजलेले, भुकेलेले होते. "जेवाण झालं का?" त्यांनी विचारलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, असं सिदूमामा म्हणतात, पण धाकूबाईचं समाधान तेव्हाही झालं नाही. गड्यांनी सांगितलं, की खालच्या वळणाआधी त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी चिंधी बांधल्या हाताने पुन्हा तातूकडे गेली. आणखी एक पातं आणलं. मग आणखी एक, मोठं. हे कडेला जरा लवकर मुकं होतं, ते पावसात गंजतं, त्याचा एक दात कमी आहे, अशी तिची कुरकूर शेवटपर्यंत चालूच होती. बमू तिच्याबरोबर पाती डोक्यावर घेऊन घाट चढायचा. बोलायचा थोडंच, पण चढायचा.

ही बातमी जंगलच्या ठेकेदाराच्या कानी गेली. त्याने मोठ्या मनाने एक नवं कोरं पातं पाठवलं, हार घालून, वाजतगाजत. ते लावलं. वाजलंही छान. आठवड्यातच कुणीतरी ते उतरवून नेलं, आणि त्याच दिवशी धुकं पडलं. जुनी पाती होती म्हणून निभावलं. धाकूबाईचा संताप झाला. ती म्हणाली, "नवं कशाला लावायचं? नवं चोराला हवं असतंय. जुन्याकडं कुनी बघत न्हाई, म्हनून ते जाग्यावर ऱ्हातंय." तेव्हापासून खिंडीत कोरं पातं लागत नाही. गिरण्या आल्या, गेल्या. सुतारांच्या, वखारींच्या, पुढे पुढे शहरातल्या मशिनींची झिजलेली पाती लोक शोधून आणतात. कुणाचं बाळंतपण सुखरूप झालं, कुणाचा परगावी गेलेला मुलगा परत आला, की भंगारातून एखादं जुनं पातं हुडकायचं, वाजवून बघायचं, चीर नसली तर खिंडीत आणून दाताला टांगायचं. भोक कुणी पाडत नाही.

आजही धुकं उतरलं, की वाड्यावरची कुठली तरी बाई हातातलं काम टाकून खिंडीत येते आणि ठोके देत उभी राहते. खालून कोण येतंय, ते तिला ठाऊक नसतं. पोलीस असेल, दूध नेणारा असेल, वाट चुकलेला पाहुणा असेल. ती कुणाला नावाने हाक मारत नाही, आणि वर येणाराही ओ देत नाही. आला, की आधी तिच्या हातातला दांडका घेतो आणि आपल्या मागून येणाऱ्यासाठी ठोका देतो. मागे कुणी नसलं तरी देतो. मग घरी जातो.